मत्स्यन्याय : सहा बाय दोन बाय दोन

घरात मोठा मासा पाळण्याची आपल्याकडची सगळ्यात जुनी नोंद मनूच्या नावावर आहे. हात धुवायला घेतलेल्या पाण्यातून एक चिमुकली मासोळी त्याच्या ओंजळीत आली आणि म्हणाली, ‘मला सांभाळ, मोठे मासे मला खाऊन टाकतील.’ मनू भिडस्त. त्याने तिला कमंडलूत ठेवलं. कमंडलू पुरेना म्हणून रांजणात, रांजण पुरेना म्हणून विहिरीत, मग तळ्यात, मग गंगेत आणि शेवटी समुद्रात. पुढे प्रलय झाला, नाव आली, माशाने ती शिंगाला बांधून ओढली, हा भाग कीर्तनात रंगवून सांगतात. पण शतपथ ब्राह्मणापासून मत्स्यपुराणापर्यंत चालत आलेल्या या कथेतला खरा उपयोगाचा भाग पहिलाच आहे. मासोळी घरात आणताना ‘ही किती मोठी होते?’ हे मनूने विचारलं नाही.

माझ्या मेहुण्यानेही विचारलं नाही. फरक इतकाच, की मनूच्या हाताशी समुद्र होता. मेहुण्याकडे इंदिरानगरात तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट आहे.

नाशकात शौकांना तोटा नाही. रविवारी सकाळी उठून कोणत्या मिसळीला जायचं यावर इथे घराघरांत मतभेद आहेत. सायकली, ट्रेक, गड-किल्ले, पक्षी, सगळ्याला माणसं आहेत. मासे पाळणारेही पूर्वीपासून आहेत. पण त्यांची झेप गोल्डफिश, एंजल, गप्पी यांच्यापुढे जात नसे. दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये एक टाकी, तिच्यात बुडबुडे सोडणारा प्लॅस्टिकचा पाणबुड्या, आणि पेशंटांचं लक्ष दुखण्यावरून उडवायला चार केशरी मासे. अलीकडे मात्र ‘मॉन्स्टर फिश’ नावाचा पंथ निघाला आहे. या पंथात मासा शोभिवंत असून चालत नाही. तो दुसऱ्याला गिळणारा हवा.

मेहुण्याला ही दीक्षा एका दुकानात मिळाली. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण दुकानदाराने जे केलं तेच बहुतेक दुकानदार करतात. कोपऱ्यातल्या टाकीत तीन-तीन इंची पिल्लं होती. काळी पाठ, पांढरंशुभ्र पोट, नारिंगी शेपूट आणि दोन्ही बाजूंना ऐटदार मिशा. रेडटेल कॅटफिश. मेहुण्याने बोट काचेला लावलं, पिल्लू बोटाकडे आलं आणि व्यवहार तिथेच झाला. तरी दुकानदाराने वर एक वाक्य सांगितलं, ज्याच्या जोरावर हा सगळा धंदा उभा आहे : ‘दादा, टेन्शन नका घेऊ, मासा टाकीच्या साइजप्रमाणेच वाढतो.’

हे शास्त्र माशाला कुणी शिकवलेलं नसतं. रेडटेल ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. तिथे तो चार फुटांच्या पुढे जातो आणि वजनात चाळीस किलोंच्या वर. लहान टाकीत त्याची वाढ खुंटते हे खरं, पण ती स्वतःच्याच घाणीत राहून खुंटते, आणि पुष्कळदा माशासकट संपते. टाकीचं माप बघून ‘चला, आता थांबावं’ असं म्हणणारा मासा अजून जन्माला यायचा आहे.

त्या दिवशी स्कूटरच्या हुकाला चार पिशव्या लटकवून मेहुणा घरी आला. एकीत रेडटेल, दोन पिशव्यांत ऑस्कर आणि चौथीत सिल्व्हर अरवाना. चौघेही दक्षिण अमेरिकेतले, चौघेही मांसाहारी, आणि ते राहायला आले ते माळकऱ्यांच्या घरी. सासूबाई दरवर्षी निवृत्तिनाथांच्या दिंडीबरोबर त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला चालत जातात. त्या घरात अंडं लांबच राहिलं, एकादशीच्या आदल्या दिवशी कांदासुद्धा जपून चिरला जातो.

पण मांसाहाराचा प्रश्न नंतरचा. आधी आला वजनाचा.

पहिली टाकी तीन फुटी होती. ती काही महिन्यांत अपुरी पडली. दुसरी चार फुटी घेतली, तीही पडली. मग मेहुण्याने मन मोठं केलं आणि सहा बाय दोन बाय दोनची टाकी बनवून घ्यायचं ठरवलं. चोवीस घनफूट. काठोकाठ भरली तर जवळजवळ ६८० लिटर पाणी, म्हणजेच ६८० किलो. १२ मिलिमीटरच्या काचेचे सव्वाशे किलो वेगळे. त्यात लोखंडी स्टँड, वाळू, फिल्टर आणि मिशा. सगळं मिळून टनाच्या घरात.

सोसायटीत एक निवृत्त सिव्हिल इंजिनिअर आहेत. प्रत्येक सोसायटीत एक असतात. त्यांना ही बातमी लिफ्टपाशी कळली आणि त्यांनी तिथेच हिशेब मांडला. राहत्या खोलीचा स्लॅब आयएस ८७५ या मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण २०० किलो वापराचा भार धरून डिझाइन करतात. टाकीखालची जागा चौरस मीटरहून थोडी जास्त. म्हणजे नुसत्या पाण्यानेच तिथे तिप्पट भार आला. खालच्या मजल्यावरच्या काकू बरोबर त्याच जागेखाली टीव्ही बघतात. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून खुर्ची सरकवून घेतली. खास बैठक झाली. त्यात मेहुण्याने लग्नकार्यात हॉलमध्ये पन्नास माणसं बसतात तेव्हा किती भार होतो, असा बिनतोड प्रश्न टाकला. इंजिनिअर म्हणाले, ‘माणसं संध्याकाळी घरी जातात.’ अखेर टाकी भिंतीलगत, बरोबर बीमच्या वर ठेवायची, या अटीवर ठराव मंजूर झाला. बीम कुठे आहे हे दाखवायला इंजिनिअर स्वतः आले, तीन वेळा भिंत ठोकून पाहिली, आणि आता टाकीचं श्रेय निम्मं आपलं आहे असं समजतात.

मेहुणा अंबडला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. त्यामुळे त्याने माशांची घेतलेली काळजी शिफ्टच्या लॉगबुकात लिहिण्याजोगी असते. त्याच्याकडून मला जे शास्त्र कळलं ते असं. मासा खातो, त्याच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया निघतो. अमोनिया विषारी. फिल्टरमध्ये वाढलेले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते त्या मानाने सोसण्यासारखं. इथवर येऊन जिवाणू हात वर करतात. नायट्रेट बाहेर काढायचं काम माणसाने बादलीने करायचं. मासा जितका मोठा आणि जितका मांसाहारी, तितक्या बादल्या जास्त. सहा फुटी टाकीचं निम्मं पाणी दर आठवड्याला बदलायचं, म्हणजे तीनशे लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या वीस बादल्या काढायच्या आणि वीस भरायच्या. भरताना आधी क्लोरिन मारायचा, नाहीतर फिल्टरमधले ते कष्टाळू जिवाणू मरतात आणि मागोमाग मासे. शनिवारी शहराचा पाणीपुरवठा दुरुस्तीसाठी बंद राहणार अशी बातमी आली, की इतर लोक पिण्याचं पाणी भरून ठेवतात. मेहुणा ड्रम भरतो.

काढलेलं पाणी वाया जात नाही. नायट्रेट हे झाडांचं खाद्यच. त्या पाण्यावर गॅलरीतला कढीपत्ता छताला लागला आहे. तुळशीला मात्र ते पाणी घालायची परवानगी नाही.

आता जेवणाबद्दल. सुरुवातीला मेहुणा पिशवीभर जिवंत बारके मासे आणी. पहिल्यांदा ते टाकीत सोडले तेव्हा सासूबाई समोरच हरिपाठ म्हणत बसल्या होत्या. त्यांनी पुस्तक मिटलं, चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाल्या, ‘हे माझ्या डोळ्यांदेखत चालणार नाही.’ मेहुण्याने मत्स्यन्याय सांगून पाहिला. जीवो जीवस्य जीवनम् हेही सांगितलं. त्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘ते नदीत. हा हॉल आहे.’ मी आजवर ऐकलेल्या निवाड्यांत इतका आटोपशीर निवाडा दुसरा नाही.

तडजोड अशी निघाली, की मासे बाहेरून मेलेले आणायचे आणि घरात रात्री, सासूबाई झोपल्यावर द्यायचे. म्हणजे मासळी बाजार आला. मेहुण्याने जन्मात कधी मासळी घेतली नव्हती. तो नाकाला रुमाल लावून उभा राहिला आणि ‘कोळंबी द्या, ताजी, मीठबीठ काही न लावलेली’ म्हणाला. मासेवाल्या मावशींनी विचारलं, ‘किती माणसांची?’ तो म्हणाला, ‘चार.’ मग त्यांनी प्रेमाने सांगितलं, की हळद-मीठ लावून अर्धा तास ठेव दादा, वास जाईल. तो म्हणाला, ‘त्यांना कच्चीच लागते.’ त्यानंतर त्या मावशी त्याच्याकडे जरा निराळ्या नजरेने बघतात आणि कधी नव्हे ते पिशवीत चार कोळंब्या जास्तीच्या टाकतात.

कोळंबी ठेवायची कुठे? घरच्या फ्रिजमध्ये साईचं पातेलं आणि नैवेद्याचं दही असतं. तेव्हा गॅलरीत एक छोटा जुना फ्रिज आला. त्याला घरात ‘त्यांचा फ्रिज’ म्हणतात आणि कुणी त्याच्याकडे बोट दाखवत नाही. पुढे मेहुण्याला जाणत्यांनी समजावलं, की जिवंत माशांबरोबर रोगही टाकीत येतात, कोंबडीचं नि मटणाचं मांस तर या माशांना पचतच नाही, त्यातली चरबी अंगाला लागते. तेव्हा पेलेटची सवय लाव. पेलेट म्हणजे खतासारख्या दिसणाऱ्या तपकिरी गोळ्या. ऑस्करने त्या तोंडात घेतल्या आणि थुंकल्या. घेतल्या, थुंकल्या. ऑस्कर हा अतिशय मानी मासा. तो मालकाला ओळखतो, रुसतो, तिरका पडून राहतो, टाकीतली वाळू आपल्याला हवी तशी सारतो आणि हीटरशी भांडतो. रेडटेलला असले नखरे नव्हते. त्याने गोळ्या खाल्ल्या, मग थर्मामीटर धरणारा रबरी चोखणा खाल्ला.

सगळ्यांत मजेचा भाग पुढे आहे. मोठे झालेले शिकारी मासे रोज जेवत नाहीत. आठवड्यातून दोन-तीनदा त्यांना पुरतं. रोज दिलं तर पोट सुटतं आणि पाणी नासतं. हे कळल्यावर सासूबाईंनी वेळापत्रक हाती घेतलं. सोमवार नाही. गुरुवार नाही. दोन्ही एकादश्या नाहीत. संकष्टीला चंद्रोदयानंतर. मेहुण्याने पुस्तकात पडताळून पाहिलं, तर पुस्तकही जवळजवळ हेच म्हणत होतं. तेव्हापासून ॲमेझॉनचे हे चार रहिवासी बऱ्यापैकी वारकरी झाले आहेत. आषाढाच्या वारीत सासूबाई सिन्नरहून फोन करतात, तेव्हा आधी नातवाची चौकशी होते आणि मग, ‘मिशाळ्याला काही दिलं नाहीस ना आज?’

‘चार रहिवासी’ म्हणालो खरा, पण तो जुना हिशेब झाला.

एका सकाळी टाकीत ऑस्कर एकच होता. दुसरा कुठेही नव्हता. पहिला संशय उडीवर. अरवाना उडी मारण्यात पटाईत. नदीत तो पाण्यावर झुकलेल्या फांदीवरचे किडे उडी मारून टिपतो, आणि इथे भिंतीवरच्या पालीकडे तासन्‌तास टक लावून असतो. म्हणून झाकणावर पाट्याचा वरवंटा ठेवलेला असतो. वरवंटा जागच्या जागी होता. तरी सोफा सरकवला, टीव्हीमागे बॅटरी मारली, फ्रिजखाली (‘त्यांच्या’ही) केरसुणी घातली. दुसरा संशय शेजारच्या मांजरावर. मांजराच्या मालकिणीने मांजर रात्रभर आपल्या पलंगावर होतं अशी साक्ष दिली. तिसरा संशय खुद्द मेहुण्यावर. त्याने तो विकला, असं त्याच्या बायकोला वाटलं. मला फोन आला, ‘भाऊजी, जरा येऊन बघता का?’ मी जाऊन काय बघणार होतो कोण जाणे, पण नाशकात जावयाला पंचनाम्याला बोलावतात.

आम्ही सगळे टाकीपुढे उभे असताना सासूबाई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘त्या मिशाळ्याचं पोट बघितलंत का?’ रेडटेल तळाशी निवांत पडला होता. मिशा सैल सोडलेल्या. पोट तट्ट फुगलेलं, आणि एका बाजूला त्यातून काहीतरी टोकदार उमटलेलं. ऑस्करचा पृष्ठपर असावा. रेडटेलचं तोंड डोक्याच्या रुंदीचं असतं आणि आपल्या निम्म्या लांबीचा मासा तो सहज आत घेतो, हे दुकानदाराने सांगितलं नव्हतं. पंथातले लोक म्हणतात, ‘तोंडात मावतो तो टँकमेट नव्हे, ते जेवण.’ उरलेल्या ऑस्करला हा सिद्धान्त त्या रात्री प्रात्यक्षिकासह समजला असणार. तो पुढे बरेच दिवस वरच्या थरात, अरवानाच्या आडोशाने राहिला, आणि एका गुरुवारी तोही दिसेनासा झाला. गुरुवार उपवासाचा होता, याचं सासूबाईंना जास्त वाईट वाटलं.

थंडीची गोष्ट थोडक्यात सांगतो. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या दर डिसेंबरात येतात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा आकडा वाचला की इथे इंदिरानगरातही हुडहुडी भरते. या माशांना पंचवीस ते अठ्ठावीस अंश लागतात. लिटरला एक वॅट या हिशेबाने दोन हीटर दिवसरात्र चालू. वीज गेली की इन्व्हर्टरवर पंखा आणि दिवे बंद करून फिल्टर आणि हवेचा पंप चालवायचा. त्या अंधारात घरातली माणसं मेणबत्तीच्या उजेडात जेवतात आणि टाकीत बुडबुडे वर येत राहतात.

पाहुण्यांचे प्रश्न ठरलेले. काचेवर टकटक करणारा लहान मुलगा सोडला, तर पहिला प्रश्न येतो, ‘केवढ्याला पडला?’ दुसरा, ‘चावतो का?’ आणि तिसरा, आवाज खाली आणून, ‘खातात का हो याला?’ चौथा वर्ग वास्तुवाल्यांचा. त्यांना टाकी ईशान्येला आहे की नाही यातच रस. अरवानाला चीनकडे ड्रॅगनचा मान, त्यामुळे तो घरात लक्ष्मी आणतो म्हणतात. आणि तो मेला, तर मालकावरची इडापिडा आपल्या अंगावर घेऊन गेला म्हणतात. माल टिकला तरी फायदा आणि खराब झाला तरी फायदा, अशी हमी दुसऱ्या कोणत्याही धंद्यात मिळत नाही. फ्लॉवरहॉर्न नावाच्या, डोक्यावर भलंथोरलं टेंगूळ असलेल्या माशाचंही तसंच. तो तर नदीतलाही नव्हे. १९९०च्या दशकात मलेशियात संकर करून काढलेला. टेंगूळ जितकं मोठं तितकं भाग्य मोठं. आमच्याकडे डोक्याला टेंगूळ आलेल्या माणसाला कुणी भाग्यवान म्हणत नाही.

मेहुण्याच्या ओळखीतल्या एकाने पिरान्हा आणले होते. कॉलेज रोडवरच्या त्याच्या घरी लोक ते बघायला जात. लालबुंद पोट, पुढे आलेला जबडा. तो पाण्यात बोट घालायचा आव आणी आणि पोरीबाळी किंचाळत. एकदा घरी फर्निचरचं काम करायला आलेल्या सुताराने टाकीत डोकावून विचारलं, ‘साहेब, हे रूपचंद इथं कशाला ठेवलेत?’ रूपचंद म्हणजे पाकू. पिरान्हाचा भाऊबंद, लहानपणी अगदी तसाच दिसणारा. पण ॲमेझॉनात फळं नि बिया फोडून खाणारा आणि आपल्याकडे मासळी बाजारात किलोवर मिळणारा. दात बघितले तर माणसाचे वाटतात. त्या गृहस्थाने मग कुणाला बोलावलं नाही. सासूबाईंना ही हकीकत कळली तेव्हा त्या मेहुण्याला म्हणाल्या, ‘तसला आणायचा होतास रे. काकडी तरी खाल्ली असती.’

सरकारचंही या माशांकडे लक्ष आहे. खरा आशियाई अरवाना ‘सायटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या पंगतीत. परवानगीच्या फार्मवर पैदा झालेल्या माशाच्या अंगात मायक्रोचिप असते आणि सोबत सर्टिफिकेट. आपल्या वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि फेब्रुवारी २०२४मध्ये नियम आले, त्यानुसार अशा यादीतले परदेशी प्राणी पाळणाऱ्याने ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करायची. पिल्लं झाली, प्राणी दुसऱ्याला दिला किंवा तो मेला, तरी कळवायचं. मेहुण्याचा अरवाना सिल्व्हर, त्या परिशिष्टाबाहेरचा, म्हणून सुटला. सासूबाईंची स्वतःची जन्मतारीख मात्र शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहिली, तीच अजून चालू आहे.

आता रेडटेल दोन फुटांच्या पुढे गेला आहे. टाकीची रुंदी दोन फूट. त्याला वळायचं असेल तर आधी शेपूट मुडपावी लागते. मेहुण्याला हे बघवत नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्याने मासा परत द्यायचा म्हटलं तर दुकानदार हसला. तीन इंची पिल्लाला शंभर गिऱ्हाइकं असतात, दोन फुटी माशाला एकही नाही. पिंपळगावच्या एका नातेवाइकाने द्राक्षबागेचं शेततळं देऊ केलं. पण ज्या रात्री बागेत शेकोट्या पेटवून घड वाचवावे लागतात, त्या रात्री ॲमेझॉनच्या माशाचं काय होणार? आणि मग, या सगळ्या कहाण्यांत शेवटी येतो तसा, एक सज्जन सल्लागार आला. ‘अरे, गंगेत सोडून दे. त्यालाही मोकळं वाटेल, तुलाही पुण्य.’

नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात, त्यामुळे मनूचा दाखलाही आयता. फक्त तो लागू नाही. मनूची मासोळी त्याच पाण्यातली होती. परदेशी शिकारी आपल्या नदीत सुटला की काय होतं, हे आता पुष्कळ ठिकाणी दिसलं आहे. २०१८च्या महापुरानंतर केरळच्या नद्यांत ॲमेझॉनचा अरापैमा आणि अमेरिकेचा ॲलिगेटर गार सापडले. हौसेने, चोरून पाळलेले, तळ्यांतून पुराने बाहेर काढलेले. २०२३ साली हाच गार भोपाळच्या मोठ्या तलावात निघाला आणि श्रीनगरच्या दल सरोवरातही. त्याचा मिसिसिपीतला विक्रम १४८ किलोंचा आहे. थाई मागूर हा आफ्रिकन मांगूर तर २००० सालापासून देशात बंदीत आहे, तरी जिथे तिथे उगवतो. आणि टाकीची काच साफ करतो म्हणून कौतुकाने आणलेला सकर उजनीत इतका माजला आहे, की भीमेचे मच्छीमार त्याला शिव्या देतात. खायला नको, विकायला नको, वर काट्यांनी जाळी फाडतो. रामकुंडाखाली सोडलेला मासा तिथे थांबत नाही. पुढे नांदूर मध्यमेश्वर आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, आणि त्यापुढे जायकवाडी. पावसाळ्यात दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं की कुणाच्या अंगणातल्या हौदातलं काय कुठे जाईल ते मारुतीलाच माहीत.

मोठा मासा जवळून बघायचाच असेल तर आपल्याकडे त्याची जुनी सोय आहे. गोदावरीप्रमाणे वैतरणाही त्र्यंबकच्या डोंगरातच उगम पावते. ती खाली वाड्याकडे गेली की तिळसे गावी महादेवाच्या देवळाखालच्या डोहात देवमासे आहेत, म्हणजे महसीर. लोक काठावरून कुरमुरे टाकतात, मासे येतात, खातात, जातात. कुणी पकडत नाही. देवाचे म्हणून सुटलेले. त्यांना हीटर नाही, पंप नाही, बीमची चिंता नाही, आणि ते कुणाच्या मालकीचे नाहीत. सासूबाईंनी मेहुण्याला तिथे नेऊन आणलं. तो येताना गाडीत गप्प होता. नाशिकच्या सीमेत शिरल्यावर म्हणाला, ‘भाऊजी, पाणी किती स्वच्छ होतं हो. नायट्रेट शून्य असणार.’

तर आता कामाचं. ज्यांच्याकडे किमान बारा फुटांची टाकी असेल, किंवा छपराखालचा, हिवाळ्यात गरम ठेवता येईल असा, नदी-नाल्याला कुठूनही न मिळणारा पक्का हौद असेल, त्यांनी कळवावं. रेडटेल फुकट मिळेल. दोन हीटर, एक फिल्टर आणि गॅलरीतला फ्रिज सोबत देऊ. अरवाना देणे नाही. मासा पुढे कुठल्याही नदीत, धरणात किंवा शेततळ्यात सोडणार नाही, असं लिहून द्यावं लागेल. कागद इंजिनिअरकाकांनी तयार ठेवला आहे. ‘सध्या तीन फुटी टाकी आहे, पुढे मोठी घेऊ’ असं म्हणणाऱ्यांनी कृपया फोन करू नये. तसल्या रिकाम्या टाक्या आमच्याकडे दोन आहेत. त्याही फुकट मिळतील.